मुलाच्या ओठी बासरी केव्हा द्यावी?

सुषिर वाद्याच्या शिक्षणाचे योग्य वय : दात, बोटे, श्वास आणि मनाची तयारी

सातपाटी हे पालघर तालुक्यातील मच्छीमारांचे मोठे गाव. पालघर स्थानकापासून पश्चिमेला आठ-नऊ किलोमीटर अंतरावर, थेट समुद्राच्या काठी वसलेले. येथील मांगेला आणि वैती समाजाच्या घरांत हळदीला, वरातीला बँड लागतो. नारळी पौर्णिमेची मिरवणूकही वाद्यांशिवाय निघत नाही. त्यामुळे क्लॅरिओनेट आणि सॅक्सोफोनचे सूर या गावातील मुलांच्या कानी शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच पडलेले असतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात हेच काम तारपा करतो. साहजिकच एखादे मूल घरी येऊन 'मला पण ते वाजवायचे' असा हट्ट धरते आणि जूनमध्ये नव्या वह्या-पुस्तकांबरोबर हा प्रश्नही पालकांसमोर उभा राहतो. मूल सहा वर्षांचे आहे, सात वर्षांचे आहे. आता सुरुवात करावी की थांबावे?

या प्रश्नाचे उत्तर वयाच्या एका आकड्यात देता येत नाही. पेटी किंवा तबला शिकताना मुलाची बोटे आणि हात पुरेसे असतात. फुंकून वाजवायच्या वाद्याला मात्र मुलाचे ओठ, दात, फुप्फुसे, बोटे आणि मान असे अर्धे शरीर लागते. हे अवयव तयार होण्याची वेळ प्रत्येक मुलागणिक थोडी वेगळी असते. म्हणून जन्मतारखेऐवजी मुलाकडे पाहावे, आणि मुलाला वाद्याच्या मापाचे करण्याऐवजी वाद्य मुलाच्या मापाचे निवडावे, हे या विषयातील मुख्य सूत्र होय.

फुंकेचे चार प्रकार

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्र असलेले, वाऱ्याने वाजणारे. पाश्चात्त्य संगीतात याच वर्गाचे 'ब्रास' आणि 'वुडविंड' असे दोन भाग करतात. ट्रम्पेट पहिल्यात मोडते. बासरी, क्लॅरिओनेट, सनई ही दुसऱ्यात. सॅक्सोफोन पितळेचे असूनही दुसऱ्याच भागात गणले जाते, कारण त्यातील ध्वनी क्लॅरिओनेटप्रमाणे वेताच्या पातीतून निघतो. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ साली त्याचे पेटंट घेतले होते.

पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो ध्वनी निर्माण होण्याचा प्रकार. पहिला प्रकार शिटीचा. अलगूज, शाळांतून वाजणारा रेकॉर्डर आणि जत्रेत मिळणारी तोंडात धरायची बासरी या प्रकारात येतात. यात वाऱ्याला वाट वाद्यच देते. मुलाने हलकेच फुंकले की सूर उमटतो. दुसरा प्रकार आडव्या बासरीचा. येथे वाऱ्याची धार ओठांनी घडवून ती छिद्राच्या कडेवर सोडावी लागते. धार जरा चुकली तरी नुसती हवा वाजते. तिसरा प्रकार एकेरी पातीचा, म्हणजे क्लॅरिओनेट आणि सॅक्सोफोनचा. चौथा दुहेरी पातीचा. सनई आणि पाश्चात्त्य ओबो ही त्याची उदाहरणे. पहिल्या प्रकाराकडून चौथ्याकडे जाताना ओठांवरील ताण साधारणपणे वाढत जातो आणि सुरुवातीचे वयही त्याच क्रमाने पुढे सरकते.

वाद्याचा आकार लहान म्हणजे वाद्य सोपे, हा समज येथे फसवतो. सोलापूरकडील सुंद्री सनईपेक्षा आकाराने लहान असते. पण तिची पाती दुहेरी असल्याने ती लहान मुलासाठी सोपी ठरत नाही.

पहिली खूण : पुढचे दात

दुधाचे दात पडून कायमचे दात येण्यास सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात होते. खालचे मधले दोन दात आधी येतात, वरचे मधले दोन सातव्या-आठव्या वर्षी आणि त्यांच्या बाजूचे आठव्या-नवव्या वर्षी. क्लॅरिओनेट किंवा सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात वाद्याच्या मुखावर टेकतात आणि खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून पातीला आधार देतो. म्हणजे येथे दात हा वाद्य धरण्याचा खुंटाच आहे. तो हलत असेल किंवा जागेवर नसेल तर मूल ओठ वाकडे करून कसेबसे वाजवते आणि ती चुकीची सवय पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. म्हणून पातीच्या वाद्यांसाठी वरचे आणि खालचे पुढचे कायमचे दात नीट येईपर्यंत थांबणे हिताचे.

आडव्या बासरीत दातांवर थेट भार नसतो. तरीही ओठांना मागून आधार दातांचाच असल्याने पुढचे दोन दात पडलेले असताना वाऱ्याची धार स्थिर राहत नाही. अशा वेळी काही आठवड्यांची सुटी घ्यावी. दातांना तारा बसवायच्या असतील तर वाद्य घेण्यापूर्वीच दंतवैद्याला सांगावे. तारा लावूनही बहुतेक मुले वाजवू शकतात. मात्र ओठांना नव्याने सवय होईपर्यंत सूर बिघडतो, हे पालकांनी आणि शिक्षकांनी आधीच गृहीत धरावे.

दुसरी खूण : बोटांची पोच

हिंदुस्थानी बासरीला वाजवण्याची सहा छिद्रे असतात आणि ती दोन्ही हातांच्या तीन-तीन बोटांनी झाकावी लागतात. एकाही छिद्राची कड किंचित उघडी राहिली तरी खालचा स्वर फाटतो. मैफलींत दिसणारी मोठी बासरी पांढरी तीनची, दुकानदारांच्या भाषेत 'ई'ची असते. तिची लांबी अडीच फुटांच्या आसपास भरते. आठ वर्षांच्या मुलाची बोटे तिच्या छिद्रांवर पोहोचतच नाहीत.

मोठी बासरी ही लहान मुलांसाठी घडलेलीच नव्हती, हेही लक्षात घ्यावे. पंडित पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी ख्यालगायकीचे गांभीर्य बासरीत आणण्यासाठी लांब आणि खर्जाच्या बासरीचा प्रसार केला. ती प्रौढ कलावंताची गरज होती. मुलासाठी वरच्या सप्तकातील पांढरी एकची, म्हणजे 'सी'ची, सुमारे दीड फूट लांबीची बासरी पुरेशी असते. पुढे बोटे वाढली की पांढरी पाचची, म्हणजे 'जी'ची दोन फुटांची बासरी घ्यावी. अडीच फुटांची बासरी साधारणपणे बाराव्या-तेराव्या वर्षानंतर, हात पुरेल तेव्हा.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. दुकानात मुलाच्या हाती बासरी देऊन, न फुंकता, सहाही छिद्रे झाकायला सांगावीत. वीस सेकंदांनी बोटे उचलून पाहावीत. प्रत्येक बोटाच्या पेरावर छिद्राचा पूर्ण गोल वण उमटला असेल तर माप योग्य आहे. वण अर्धा असेल, मनगट मुरडले असेल किंवा खांदे वर चढले असतील तर ती बासरी त्या मुलासाठी मोठी आहे.

क्लॅरिओनेटच्या बाबतीत वजनाचा प्रश्न येतो. पाऊण किलोच्या घरातील या वाद्याचा बहुतेक भार उजव्या अंगठ्यावर पडतो. आल्टो सॅक्सोफोन अडीच किलोंच्या आसपास जातो आणि तो गळ्यातील पट्ट्याला टांगावा लागतो. शाळेचे दप्तर वाहून आधीच दुखणाऱ्या मानेवर हा भार किती घालायचा, याचा विचार पालकांनी करावा.

तिसरी खूण : श्वास

मुलांची फुप्फुसे उंचीबरोबर वाढतात. त्यामुळे लहान मुलाचा श्वास अपुरा पडतो, यात त्याचा दोष नसतो. आडव्या बासरीत फुंकरीचा बराच भाग छिद्राबाहेर वाया जात असल्याने हवा जास्त लागते. दुहेरी पातीच्या वाद्याला हवा थोडी पुरते, पण ती मोठ्या दाबाने सोडावी लागते. दोन्ही गोष्टी लहान वयात कठीणच.

श्वासाची पारख करण्यासाठी कागदाची एक अरुंद पट्टी मुलाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरावी आणि तिला फुंकरीने एकसारखी वाकलेली ठेवण्यास सांगावे. आठ-दहा सेकंद पट्टी न थरथरता राहिली तर सुरुवात करण्यास हरकत नाही. दोन-तीन सेकंदांतच ती खाली येत असेल तर काही महिने गाण्याचा सराव करून घ्यावा.

पहिल्या आठवड्यांत अनेक मुलांना भोवळ आल्यासारखे वाटते. सूर निघत नाही म्हणून मूल जोरजोरात आणि पुन्हा पुन्हा फुंकते, त्यातून हे घडते. वाद्य खाली ठेवून बसावे, नेहमीसारखा श्वास घ्यावा. थोड्याच वेळात बरे वाटते. वारंवार चक्कर येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. दमा असलेल्या मुलाने बासरी वाजवू नये, असा सरसकट नियम नाही. डॉक्टरांच्या संमतीने अशी अनेक मुले वाजवतात. परंतु बासरीने दमा बरा होतो, या समजुतीवर विसंबून औषधे बंद करणे धोक्याचे आहे. कानाची शस्त्रक्रिया किंवा हर्निया असल्यास वैद्यकीय सल्ला आधी, वाद्य नंतर.

चौथी खूण : मन

शरीर तयार असूनही मन तयार नसेल तर शिक्षण पुढे सरकत नाही. सुषिर वाद्याच्या पहिल्या महिन्यात कौतुक करण्याजोगे फारसे काही घडत नाही. पेटीची पट्टी दाबली की सूर मिळतो; बासरीत पहिला स्वच्छ सूर निघण्यास दिवस लागतात. हे अपयश सोसून दुसऱ्या दिवशी पुन्हा बासरी उचलण्याची वृत्ती मुलात आली आहे का, हे पाहावे. मूल दहा मिनिटे एका जागी उभे राहून एक काम करते का, शिक्षकांनी म्हटलेली स्वरांची ओळ ऐकून तशीच म्हणू शकते का, टाळीवर ठेका धरते का आणि वाद्याची आठवण स्वतःहून काढते का, या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर मूल तयार आहे, असे समजावे.

यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इच्छा मुलाची आहे की पालकांची, हे ओळखण्यासाठी दोन-तीन महिने थांबून पाहण्यासारखा उपाय नाही. मिरवणुकीनंतर धरलेला हट्ट आठवड्यात विरतो. खरी ओढ टिकते.

पापलेटच्या व्यवसायावर जगणाऱ्या सातपाटीला हे सूत्र नव्याने सांगण्याची गरज नाही. २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित झालेल्या या माशाची लहान पिल्ले जाळ्यात ओढली की पुढच्या हंगामाचे नुकसान होते, हे येथील जाणते मच्छीमार सांगत आले आहेत. अकाली सुरू केलेल्या शिक्षणाचे तसेच आहे. सहाव्या वर्षी ओढूनताणून बसवलेले मूल आठव्या वर्षी 'मला जमत नाही' असे म्हणून वाद्य टाकते आणि जे नवव्या वर्षी सहज जमले असते, त्याच्याकडे पुन्हा फिरकत नाही.

कोणते वाद्य, कोणत्या वयी

पुढील वयोमर्यादा ढोबळ आहेत. वरील चार खुणा त्यांच्यापेक्षा महत्त्वाच्या मानाव्यात.

पाच ते सहा वर्षे : औपचारिक वाद्यशिक्षण नको. गाणे, टाळी, ठेका, भरपूर ऐकणे.

सात ते आठ वर्षे : अलगूज किंवा प्लॅस्टिकचा रेकॉर्डर. सूर लगेच निघत असल्याने मुलाला बोटे, श्वास आणि जिभेचा आघात यांवर लक्ष देता येते.

आठ ते नऊ वर्षे : लहान आडवी बासरी.

नऊ ते दहा वर्षे : क्लॅरिओनेट, तसेच वळवलेल्या तोंडाची पाश्चात्त्य बासरी, जिच्यामुळे लहान हात छिद्रांपर्यंत पोहोचतो.

दहा ते बारा वर्षे : मध्यम मापाची बासरी, आल्टो सॅक्सोफोन.

बारा वर्षांनंतर : मोठी बासरी, सनई, ओबो. परंपरेने सनई वाजवणाऱ्या घरांत मुले याहून लवकर बसतात. परंतु तेथे वडीलधाऱ्यांची नजर चोवीस तास असते, हा फरक विसरता येत नाही.

थोरांच्या सुरुवाती

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण वाद्याच्या बाबतीत अर्धीच खरी ठरते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) बालवयातच डुमरावहून वाराणसीला गेले आणि मामा अली बक्ष यांच्याजवळ राहून सनई शिकले. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. याउलट १९३८ साली अलाहाबादेत पहिलवानाच्या घरी जन्मलेले पंडित हरिप्रसाद चौरसिया पंधराव्या वर्षी शेजारच्या पंडित राजाराम यांच्याकडे गाणे शिकू लागले आणि त्यानंतर वाराणसीच्या पंडित भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे बासरीकडे वळले. १९५७ साली ते आकाशवाणीच्या कटक केंद्रात रुजू झाले होते. एकाने घरातच बालपणी सुरुवात केली, दुसऱ्याने मिसरूड फुटण्याच्या वयात. उंची दोघांनीही गाठली. आठव्या वर्षी सुरुवात झाली नाही म्हणून संधी हुकली, असे मानण्याचे कारण नाही. चौरसियांच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे : बासरीच्या आधी गळ्यात सूर आला होता.

पालघर जिल्ह्यातील तारप्याची परंपराही हेच शिकवते. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांपासून बनणारे हे वाद्य वारली समाजात भाताच्या नव्या पिकाच्या दिवसांत घुमते. वादकाला नाकाने श्वास घेत असतानाच गालातील हवेने सूर चालू ठेवावा लागतो. नाचणाऱ्यांचा फेर थांबेपर्यंत सूर तोडता येत नाही. हे कौशल्य लहान मुलाच्या आवाक्याबाहेरचे असते. पण त्या फेरात नाचत, ऐकत मूल वाढते आणि अंगात बळ येते तेव्हा चाली त्याला आधीच पाठ असतात. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या मौखिक शिक्षणपद्धतीचाच गौरव झाला. बँडमधील वादकही पुष्कळदा असेच, मोठ्यांच्या मागे उभे राहून तयार होतात. ऐकण्याची ही वर्षे वाया गेलेली नसतात.

सातपाटीहून शिकायचे तर

शास्त्रोक्त बासरी किंवा क्लॅरिओनेट शिकवणारे शिक्षक मोठ्या शहरात जितके सहज मिळतात तितके किनाऱ्यावरील गावांत मिळत नाहीत. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्याने पालघर आणि बोईसरच्या मुलांना विरार, बोरिवलीकडील वर्ग गाठता येतात. तरीही अर्ध्या तासाच्या शिकवणीसाठी आठ वर्षांच्या मुलाला गर्दीच्या गाडीतून दर आठवड्याला नेणे कितपत परवडते, याचा हिशेब पैशापेक्षा थकव्याच्या अंगाने करावा. पंधरा दिवसांतून एक प्रत्यक्ष शिकवणी आणि मधल्या काळात इंटरनेटवरून उजळणी, हा मध्यममार्ग बऱ्यापैकी चालतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने मात्र शिक्षक समोरच असावेत. ओठांचा कोन आणि फुंकरीची धार पडद्यावर नीट दिसत नाही, ऐकूही येत नाही.

शिक्षक निवडताना त्यांचा एक वर्ग बसून पाहावा. ते मुलाकडून आधी सरगम गाऊन घेतात का, स्वतः वाजवून दाखवतात का, मुलाच्या बासरीचा सूर तपासतात का, याकडे लक्ष द्यावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बासरीसाठीही असतात आणि 'प्रारंभिक' ही त्यातील पहिली पायरी. पहिल्याच वर्षी परीक्षेची घाई म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. परीक्षा वाद्यामागून यावी, वाद्य परीक्षेमागून नव्हे.

किनाऱ्यावरील खारी, दमट हवा वाद्यांची वैरीण आहे. क्लॅरिओनेटच्या चाव्या गंजतात, गाद्या फुगतात. म्हणून नवशिक्या मुलासाठी लाकडी वाद्यापेक्षा प्लॅस्टिकचे वाद्य बरे आणि स्वस्तही. पावसाळ्यात बासरीला आतून बुरशी धरते. प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर काठीला गुंडाळलेल्या मऊ कापडाने ती आतून पुसावी आणि कापडी पिशवीत ठेवावी. उलट, उन्हात किंवा वातानुकूलित खोलीत ठेवलेला बांबू एकदम सुकून तडकतो. पातीचे वाद्य आणि त्याचे मुख भावंडांनीही आपापसांत वाटून घेऊ नये.

पहिले वर्ष

घरातील सराव सुरुवातीला दहा मिनिटांचा, दिवसातून दोनदा असावा. ओठांचे स्नायू याहून अधिक ताण पेलत नाहीत. जेवणानंतर लगेच वाजवायला बसवू नये. सर्दी-तापात सुटी द्यावी. ज्या घरांतील कर्ते पुरुष मासेमारीला जातात, तेथे पावसाळी बंदीच्या महिन्यांत ते घरी असतात; शाळाही नुकतीच सुरू झालेली असते. मुलाजवळ रोज दहा मिनिटे बसून ऐकण्यासाठी हा काळ सोयीचा. ऐकणाऱ्याला संगीत कळले पाहिजे असे नाही. त्याने मध्येच उठून जाऊ नये, एवढे पुरे.

ओठ किंवा जबडा दुखणे, गाल फुगवून वाजवण्याची सवय, सरावाच्या वेळी रोज रडे आणि दोन-तीन महिन्यांनंतरही एकही स्वच्छ सूर न निघणे, ही थांबण्याची चिन्हे आहेत. थांबणे म्हणजे सोडणे नव्हे. बासरी कपाटात ठेवून काही काळ गाणे चालू ठेवावे, किंवा अलगुजावर परत यावे, आणि सहा महिन्यांनी कागदाच्या पट्टीची आणि बोटांच्या वणांची चाचणी पुन्हा घ्यावी. सहा महिन्यांत मुलाचा एखादा दात येतो, बोटे लांबतात, श्वास वाढतो. जे कालपर्यंत अशक्य होते ते कित्येकदा एका दुपारीत जमून जाते.